तुम्ही तीनदा पडलात, दादा

दादा, तुमच्या घरात पलंगापासून बाथरूमच्या दारापर्यंत भिंतीवर एक काळपट पट्टा आहे. कमरेच्या थोडा वर, तळहाताएवढा रुंद. परवा तुमच्या मुलीने, उज्ज्वलाने, पलंग हलवला तेव्हा तो पूर्ण दिसला. सायखेड्याहून आलेल्या पाहुण्यांना ती ओल वाटली. पाणी झिरपतंय का म्हणून एकाने वर छताकडे पाहिलंही. मीही त्याच्याबरोबर वर पाहिलं. तो पट्टा तुमच्या उजव्या हाताचा आहे. दीड वर्ष तुम्ही त्या भिंतीला धरून चालत होतात. पट्टा आधी फिकट होता, मग दाट झाला आणि पुढे पुढे लांबत गेला. मी शेजारी राहतो, रोज तुमच्या घरी येत होतो. मला तो दिसत होता.

तुम्ही गेलात त्याला आज सोळा दिवस झाले. घरी येणारा प्रत्येक जण म्हणतो, अचानक झालं. मी मान हलवतो. पण अचानक काही झालेलं नाही, हे सांगू शकणारी दोनच माणसं आहेत. एक शालिनीवहिनी आणि दुसरा मी.

पहिल्यांदा पडलात तेव्हा मी तुमच्या शेजारीच होतो. सकाळी आपण दोघं जॉगिंग ट्रॅककडे निघालो होतो. फुटपाथची एक फरशी जरा वर आली होती, बोटभरसुद्धा नसेल. तुम्हाला ठेच लागली असं मी नंतर स्वतःला सांगत राहिलो, पण मी पाहिलं होतं. तुमचा पाय उचललाच गेला नव्हता. तुम्ही गुडघ्यांवर आणि एका तळहातावर आपटलात. मी हात दिला. उठायच्या आधी तुम्ही मान वळवून मागे पाहिलंत आणि विचारलंत, "कोणी बघितलं का?"

"नाही दादा."

"मग झालं. शालिनीला सांगू नको. उज्ज्वलाला तर अजिबात नाही. ती उद्याच येईल आणि मला ठाण्याला नेऊन चौथ्या मजल्यावर बसवेल."

"बरं दादा."

तुमच्या तळहातातून रक्त येत होतं. नळावर हात धुतलात, रुमाल बांधलात आणि आपण ट्रॅकला न जाता घरी आलो. वहिनींना तुम्ही सांगितलंत की गेटची कडी लागली. मी तिथेच उभा होतो. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी गेटच्या कडीकडे पाहिलं.

'बरं दादा' म्हणायची मला सवयच होती. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात बॉयलर मेंटेनन्समध्ये अठरा वर्षं मी तुमच्या हाताखाली काढली. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी परांचीवर चढलो आणि बेल्टचा हुक अडकवायचा विसरलो, तेव्हा तुम्ही खालून ओरडला नाहीत. स्वतः वर आलात, हुक अडकवलात, मला खाली आणलंत आणि दिवसभर बाकावर बसवून ठेवलंत. संध्याकाळी म्हणालात, "अशोक, तुझ्या घरी निरोप घेऊन मी जाणार नाही. हे ध्यानात ठेव." शिडीवरून कोणाचा नुसता पाय घसरला, काहीही लागलं नाही, तरी तुम्ही ते रजिस्टरमध्ये लिहायला लावायचात. कोणी हसलं तर म्हणायचात, "आज घसरला तो वाचला. त्याच पायरीवर उद्या दुसरा कोणी असेल, किंवा हाच असेल." आम्ही सगळे ते लिहायचो. तुमच्या तीस वर्षांत तुमच्या टोळीतला एकही माणूस वरून पडला नाही.

आणि त्या सकाळी तुम्ही मला सांगितलंत की लिहू नको.

त्यानंतर तुम्ही ट्रॅकला येणं बंद केलंत. आधी थंडीचं कारण दिलंत, मग गुडघ्याचं. मग कारण द्यायचंही थांबवलंत. वहिनींच्या भाच्याचं लग्न सायखेड्याला होतं. मांडव शेतात आहे, खालीवर जमीन आहे, म्हणून तुम्ही गेला नाहीत. सुधाकर फोरमन का नाही आले, असं तुमच्याबद्दल तिथे सगळे विचारत होते, हे वहिनींनी येऊन सांगितलं. तुम्ही पेपर वाचत राहिलात. दिवसभर ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचात. उठताना दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर, मग एक हात भिंतीवर.

मला तेव्हा बरं वाटत होतं, दादा. खरंच सांगतो. मला वाटायचं, माणूस घरात आहे, म्हणजे सुरक्षित आहे. बाहेर पडलाच नाही तर पडेल कशाला? तुमच्या पोटऱ्या बारीक होत होत्या. हाफ पँटमधून काठीसारखे पाय दिसायचे. मी वयाच्या खात्यावर टाकून मोकळा झालो.

दुसऱ्यांदा पडलात ते दुपारी. वहिनींनी मधल्या कंपाउंडवरून हाक मारली. आत आलो तर तुम्ही बाथरूममध्ये ओल्या फरशीवर, भिंतीला पाठ टेकून, पाय पसरून बसला होतात. डोळे उघडे होते. मला पाहून म्हणालात, "बस, जरा दम खातोय." आम्ही दोघांनी उचलायचा प्रयत्न केला. जमलं नाही. शेवटी आत खुर्ची आणली. तुम्हाला आधी गुडघ्यावर घेतलं, मग हात खुर्चीवर, मग एक पाय. अर्धा तास गेला. एके काळी तुम्ही एका हाताने साखळीपुली ओढायचात.

पलंगावर बसवल्यावर वहिनी म्हणाल्या, "अशोकभाऊ, यांचं लय दिवसांपासून असंच चाललंय. झोपेतून उठले का डोळ्यांपुढं अंधारी येते. भिंत धरून उभे राहतात. सांगत नाय कोणाला."

तुम्ही त्यांच्याकडे ज्या नजरेनं पाहिलंत ती मला ओळखीची होती. तरी त्या दिवशी मी पहिल्यांदा तुम्हाला उलटं बोललो. म्हणालो, आज डॉक्टरकडे चला, नाहीतर मी उज्ज्वलाला फोन लावतो. मग म्हणालात, "डॉक्टरकडे येतो. पण फोन करायचा नाही." आणि मी पुन्हा म्हणालो, बरं दादा.

डॉक्टरांनी सगळ्या गोळ्या टेबलावर ओतायला लावल्या. त्यात झोपेची एक गोळी निघाली. ती कुठल्या डॉक्टरने किती वर्षांपूर्वी दिली होती हे तुम्हालाही आठवेना. ती त्यांनी हळूहळू कमी करत बंद करायला सांगितली, बीपीच्या गोळीची मात्रा बदलली. उठताना आधी पलंगाच्या काठावर बसायचं, पाय खाली सोडून थोडं थांबायचं, मग उभं राहायचं, असं बजावलं. आणि फिजिओथेरपीच्या मॅडमकडे पाठवलं. ती आपल्या उज्ज्वलापेक्षाही लहान. तिने तुम्हाला साध्या खुर्चीत बसवलं, हात छातीवर आडवे घ्यायला लावले आणि म्हणाली, "काका, हात न लावता उठा."

तुम्ही पुढे झुकलात. मांड्या थरथरल्या. पुन्हा झुकलात. तुमच्या कपाळावर घाम आला. तिसऱ्यांदाही बूड खुर्चीवरून सुटलं नाही.

"वयामुळे झालंय असं समजू नका," ती म्हणाली. "पाय वापरले नाहीत म्हणून ताकद गेलीये. वापरले तर बरीच परत येते. पण रोज करावं लागेल, आणि सोडलं की पुन्हा जाते."

रिक्षात तुम्ही बाहेर बघत बसलात. जेलरोडच्या सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा म्हणालात, "मी सही केल्याशिवाय बॉयलरमध्ये माणूस जात नव्हता. आज एक पोरगी मला म्हणते, खुर्चीतून उठून दाखवा."

मी म्हणालो, "पण दादा, उठता आलं नाही ना."

"तू माझ्या हाताखाली काम केलंयस, अशोक. विसरू नको."

मी रिक्षातून उतरलो आणि माझ्या घरात गेलो. बारा दिवस तुमच्याकडे आलो नाही. त्या भांडणाचं पुढे काही झालं नाही. तुम्हीही विषय काढला नाहीत, मीही नाही. पण त्या बारा दिवसांत रोज सकाळी मला कंपाउंडपलीकडून आवाज यायचा. खुर्चीचे पाय फरशीवर घासल्याचा. थोडा वेळ शांत, मग पुन्हा घासल्याचा. मी माझ्या ओट्यावर चहा घेत ऐकत बसायचो. तेराव्या दिवशी तुम्ही भिंतीवरून डोकावलात.

"मोजायला ये. आठच्या पुढे माझी गडबड होते."

ते चार महिने मी विसरणार नाही. तुम्ही मला दुसरी खुर्ची दिलीत आणि म्हणालात, बघतोस काय, तूही उठ. आपण समोरासमोर बसायचो, दोघांचे हात छातीवर, आणि मी मोजायचो. मग स्वयंपाकघरात ओट्याला हात टेकून टाचा वर, खाली. वहिनी म्हणायच्या, "माझी भाजी करपेल, सरका की जरा." गॅलरीत फरशीच्या रेषेवरून टाचेला चवडा लावत चालायचं, एक हात कठड्याच्या जवळ. तुम्ही मधेच डगमगायचात, शिवी घालायचात आणि पहिल्यापासून सुरू करायचात. वहिनींनी पायपुसणं गुंडाळून माळ्यावर टाकलं. रबरी चपला जाऊन पट्ट्याचे सँडल आले. प्लंबरने बाथरूममध्ये दांडा बसवला आणि तुम्ही त्याला लोंबकळून पाहिलंत. त्याला म्हणालात, "माझं वजन घेतो का ते मला बघू दे. तुझ्यावर माझा भरवसा नाही." सकाळी दोन अंडी खायला लागलात. मी बसल्याबसल्या वहिनींशी बोलत असलो की वहिनी हळूच म्हणायच्या, "बघा ना, आता भिंत नाय धरत."

चौदा एप्रिलला तुम्ही घरापासून चौकापर्यंत चालत आलात. वंदनेला पूर्ण वेळ उभे राहिलात. नंतर विहाराच्या पायऱ्या कठड्याला हात न लावता चढलात आणि वर पोचल्यावर मागे वळून मला पाहिलंत. तुमच्या तोंडावर जे होतं, ते मी मोठ्या शटडाउननंतर बॉयलर पुन्हा पेटायचा तेव्हाच पाहिलं होतं. त्या दिवसाबद्दल मी तुमचा ऋणी आहे. आपल्यालाही अजून सुधारता येतं, हे मला तुमच्यामुळे कळलं.

मग माझे डोळे. दोन्हींना मोतीबिंदू. मुलगा म्हणाला पुण्याला या, मागोमाग दोन्हींचं करून घेऊ. मी दोन महिने गेलो. जाताना म्हणालो, बंद करू नका. तुम्ही म्हणालात, मी काय लहान आहे का?

मी रोज सकाळी फोन करायचो. "किती झाले आज?"

"बारा."

दुसऱ्या दिवशी, बारा. आठवड्याने, बारा. नव्या पोरांना मीटरचा तक्ता भरायला शिकवताना तुम्हीच सांगायचात, की दर तासाला तोच आकडा दिसला तर समजायचं, कोणी मीटरकडे पाहिलेलं नाही. मला तिसऱ्याच दिवशी समजलं होतं, दादा. फोनच्या मागे वहिनी असायच्या, एरवी मधे बोलणाऱ्या, पण त्या काही बोलायच्या नाहीत. मी म्हणायचो, छान. आणि फोन ठेवायचो. डोळ्यांवर पट्टी बांधून पुण्यात बसलेल्या माणसाला तुमच्याशी भांडायचं नव्हतं.

परत आलो तेव्हा नव्या डोळ्यांनी मला सगळं लख्ख दिसलं. बाथरूमच्या दांड्यावर टॉवेल वाळत होते. मोजायच्या खुर्चीवर रद्दीचा ढीग होता. पायात पुन्हा त्याच रबरी चपला, झिजून गुळगुळीत झालेल्या. भिंतीवरचा पट्टा बाथरूमच्या दारापर्यंत पोचला होता. तुम्ही माझ्याशी बोलत उठलात, आणि तुमचा डावा पाय मागे राहिल्यासारखा फरशीवरून ओढत आला.

"उद्यापासून सुरू करू," तुम्ही म्हणालात.

मी म्हणालो, "बरं दादा."

दुसऱ्या दिवशी माझ्याकडे पाहुणे होते. तिसऱ्या दिवशी डोळे तपासायचे होते. चौथ्या दिवशी तुम्हीच म्हणालात आज नको. त्या चारही दिवशी रद्दी उचलून बाजूला ठेवायला मला किती वेळ लागला असता? मी खुर्चीकडे पाहायचो आणि चहा पिऊन निघून यायचो. त्या ढिगाचा अर्थ मला कळत होता, म्हणूनच मी तिथे थांबत नव्हतो.

पाचव्या दिवशी सकाळी अकराला सिलिंडरवाल्याने बेल वाजवली. वहिनी मागे कपडे वाळत घालत होत्या. तुम्ही घाईने उठलात. मला वहिनींची हाक ऐकू आली आणि मी उठायच्या आधीच मला माहीत होतं.

तुम्ही दारात आडवे होतात. उजवा पाय बाहेरच्या बाजूला वळलेला, दुसऱ्यापेक्षा आखूड दिसणारा. तुम्ही ओरडत नव्हतात. सिलिंडरवाला भेदरून उभा होता आणि तुम्ही त्याला सांगत होतात, "तुझी चूक नाही. तू जा."

खुब्याचं हाड मोडलं होतं. संध्याकाळपर्यंत उज्ज्वला ठाण्याहून पोचली. तरुण डॉक्टर कागद घेऊन आला आणि एकेक विचारू लागला. बीपी? आहे. शुगर? नाही. मग म्हणाला, "याआधी कधी पडले होते का?"

उज्ज्वलाने माझ्याकडे पाहिलं, कारण आईला धड बोलता येत नव्हतं. तुम्ही खाटेवरून माझ्याकडे पाहिलंत. वहिनींनी मान खाली घातली.

"नाही," मी म्हणालो. "पहिल्यांदाच."

डॉक्टरने लिहून घेतलं. तुम्ही डोळे मिटलेत. मला तेव्हा वाटलं, तुम्हाला हायसं वाटलं. आता मला तशी खात्री वाटत नाही.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी तिथल्या लोकांनी वॉकर पुढे ठेवला आणि उभं राहा म्हणाले. तुम्ही नाही म्हणालात. तिसऱ्या दिवशीही नाही. बॉयलरच्या पोटात शिरणारा माणूस त्या चार पायांच्या वॉकरला भीत होता, हे मी उघड्या डोळ्यांनी पाहिलं. उज्ज्वला रडली, रागावली, मी हात जोडले. तुम्ही पडून राहिलात. मग खोकला आला, मग ताप, मग छाती भरली.

आपलं शेवटचं बोलणं दुपारी झालं. वहिनी जेवायला खाली गेल्या होत्या. तुम्ही बराच वेळ छताकडे पाहत होतात. मग म्हणालात, "अशोक, तू पोरीला का नाही सांगितलंस?"

मी म्हणालो, "दादा, तुम्हीच म्हणालात सांगू नको."

"मी म्हणालो म्हणून?"

इतक्यात नर्स वाफ द्यायला आली. तिने मास्क लावला आणि मला बाहेर जायला सांगितलं. त्यानंतर तुम्ही शुद्धीवर असे राहिलाच नाहीत. त्या प्रश्नाला मी रोज उत्तर देतो. कधी म्हणतो, तुमचा मान राखला. कधी म्हणतो, मी तुम्हाला घाबरायचो. काल सकाळी एकटा बसलो असताना तिसरं उत्तर सापडलं, आणि ते खरं आहे असं वाटतं. तुमचं सांगितलं असतं, तर माझ्याकडेही कोणीतरी निरखून पाहिलं असतं.

आज विहारात तुमचं पुण्यानुमोदन झालं. एकलहऱ्याचे जुने लोक आले होते. त्यातले तिघे काठी टेकत आले, एकाला दोघांनी पायऱ्यांवरून धरून आणलं. त्याने मला हसून सांगितलं, काही नाही रे, जरा पाय मुरगळलाय. मी त्याच्या बायकोकडे पाहिलं. तिने दुसरीकडे पाहिलं. मला दोन शब्द बोलायला उभं केलं. मी बेल्टच्या हुकाची गोष्ट सांगितली, लोकांचे डोळे भरून आले, आणि मी खाली बसलो. मला स्वतःची शिसारी आली.

जेवणं झाल्यावर मागच्या नळावर उज्ज्वला एकटी भांडी विसळत होती. मी तिच्याजवळ गेलो आणि सगळं सांगितलं. फुटपाथ, तळहाताचं रक्त, गेटची कडी. बाथरूम. बारा, बारा, बारा. खुर्चीवरची रद्दी. डॉक्टरला दिलेलं उत्तर. तिने नळ बंद केला नव्हता, पाणी नुसतं वाहत होतं. मला वाटलं, ती ओरडेल. तिने मला मारलं असतं तरी मी उभा राहिलो असतो.

तिने नळ बंद केला. हात ओढणीला पुसले. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, तुमच्यासारखंच, परांचीवर चढायच्या आधी तुम्ही माणसाला पाहायचात तसं.

"आणि काका, तुम्ही किती वेळा पडलात?"

एकदाही नाही, हे अगदी ओठांवर आलं होतं. दादा, हे मी तुम्हालाही कधी सांगितलं नव्हतं. तुमच्यासमोर मी खुर्चीतून पटापट उठायचो आणि तुम्हाला मोजून दाखवायचो.

"दोनदा," मी म्हणालो.

तिने बाजूचा प्लास्टिकचा स्टूल ओढला, मला खांद्याला धरून त्यावर बसवलं आणि माझ्यासमोर उकिडवी बसली.

"पहिल्यापासून सांगा," ती म्हणाली.